आधी टायर, मग कॉइलओव्हर

थार दारात आली की 'दोन इंच उचलून घे' असं सांगणारं कुणीतरी भेटतंच, आणि लगेच कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर कॉइलओव्हरची (शॉकअपवरच स्प्रिंग चढवलेला जोड) चौकशी सुरू होते. भाव नंतर विचारा. आधी टायर ठरवा, मग रिम, सस्पेन्शन शेवटी. जागा किती लागणार ते टायरवर ठरतं.

२५५/६५ आर१८ (रुंदी मिमीत, भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचात) टायरचा व्यास सुमारे ७८९ मिमी, २५५/७० आर१८ चा ८१४. मोठा टायर घातला तरी गाडीचं पोट जेमतेम १३ मिमीने वर जातं. पण टायर पुढेमागेही तेवढाच वाढतो आणि पूर्ण वळवल्यावर मडगार्डच्या मागच्या कोपऱ्याला लागू शकतो. वर, काटा ६० दाखवत असताना गाडी ६२ ने पळते.

रिममध्ये फसायला होतं. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचं मिमीतलं अंतर; तो कमी झाला की चाक बाहेर येतं. ७.५ इंची, ४० ऑफसेटची रिम काढून ८.५ इंची, २० ऑफसेटची लावली तर बाहेरची कड ३२.७ मिमी बाहेर येते, आत ७.३ मिमी जागा सुटते. आत जागा सुटली तरी वळताना टायर मोठ्या कमानीत फिरतो, बंपर चाटतो आणि व्हील बेअरिंगवर ताण येतो. स्पेसरनेही (हब आणि रिममध्ये घालायची चकती) चाक असंच बाहेर येतं.

२०२० च्या थारला पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन आर्म) आहे आणि कॉइलओव्हर कंपनीतूनच येतात. आपण घेतो ते उंची बदलता येणारे. (जिमनीला स्प्रिंग आणि शॉकअप वेगळे, तिथे हा प्रश्नच निराळा.) त्यांची कॉलर (स्प्रिंगला आधार देणारी, आट्यांवर फिरणारी रिंग) आवळल्याने साधी स्प्रिंग कडक होत नाही. गाडी उचलली जाते आणि चाकाला खाली जायला तेवढीच कमी जागा उरते. मग खड्ड्यात शॉकअप पूर्ण उघडून 'टक्' वाजतो आणि मेकॅनिक उगाच लिंक रॉड बदलतो. शॉकअप आर्मच्या मध्यावर बसतो; शॉकअपची हालचाल चाकाच्या हालचालीच्या ०.६ पट धरली तर १० मिमी कॉलर म्हणजे चाकापाशी जवळपास १७ मिमी. स्प्रिंगचा जोर मात्र वर्गाने घटतो: १०० न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग चाकाला ३६ चीच वाटते. म्हणून स्टील बंपर, विंच आधी लावा, मग स्प्रिंगचा रेट (कडकपणा) निवडा.

पैसे देण्याआधी एक चाचणी कराच. चासी स्टँडवर ठेवा, स्प्रिंग काढून नुसता शॉकअप बसवा, स्टॅबिलायझरची लिंक सोडा. चाक जॅकने बंप स्टॉपला (चाकाची वरची हालचाल थांबवणारा रबर) टेकेपर्यंत उचला आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. टायर लागला तर तिथेच कळतं. मग चाक पूर्ण खाली सोडून ब्रेकचा होस ताणला जातोय का, ड्राइव्हशाफ्टचा बूट घासतोय का ते बघा. नुसत्या उभ्या गाडीत मडगार्डमध्ये हात घालून बघितलेल्या जागेला काही अर्थ नाही.

आर्मच्या बुशचे (सांध्यातले रबर) बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. हवेत आवळले तर रबर पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. लगेच अलाइनमेंट करून घ्या. मागे पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला चासीशी आडवा बांधणारा दांडा) असेल तर उचललेल्या गाडीत ॲक्सल एका बाजूला सरकतो. दोन्ही चाकं मडगार्डपासून मोजा, फरक दिसला तर ॲडजस्टेबल रॉड लागेल.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत बदल करण्याबाबतचं) आणि विमा कंपनीच्या अटी, दोन्ही आधी तपासा.

मुंबईच्या खाऱ्या हवेत कॉलरचे आटे गंजून जाम होतात. जूनआधी आणि पाऊस सरल्यावर ब्रशने चिखल काढा, अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं ग्रीस) लावा. जाम झालेली कॉलर हातोड्याने हलवली की आटे गेलेच.