लेखात मावत नाही ते

गोदावरीला पूर आला की नाशिकमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो: पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला, की छातीला? गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते बातमीत येतंच, पण गावाचं माप मारुती. आता समजा, भांडीबाजारातल्या एका दुकानदाराला रात्री कळलं की पाणी चढतंय. त्याने आधी काय उचललं? गल्ला, उधारीची वही, की मागच्या खोलीत झोपलेली म्हातारी आई? आधी वही उचलली असेल, तर पुढची वीस वर्षं तो आईशी कसा बोलतो?

क्युसेकची बातमी होते, पुराच्या कारणांचा लेख होतो. वहीचं काय करायचं, याला मात्र कादंबरीच लागते. लिहिण्यामागची प्रेरणा हा शब्द मुलाखतींमध्ये फार झिजला आहे. कामाचा प्रश्न एवढाच, की हे कादंबरीशिवाय सांगता येणार नाही असं तुमच्याकडे काय आहे? त्याच्या उत्तरावर निवेदक कोण, किती पानं आणि सुरुवात कुठून, हे सगळं ठरतं.

पैशाचा हेतू लवकर निकालात काढू. पुस्तकाची किंमत ३०० रुपये, मानधन १० टक्के आणि ५०० प्रतींची आवृत्ती शेवटच्या प्रतीपर्यंत विकली गेली असं धरा. हातात १५,००० रुपये. कादंबरी ६०,००० शब्दांची असेल तर शब्दाला २५ पैसे पडले. नावासाठी लिहिणाऱ्याचा हिशेब थोडा बरा असतो, पण तो पहिल्या कच्च्या खर्ड्यापर्यंत टिकत नाही, कारण त्या काळात कुणी वाहवा करत नसतं.

राग हा खरा दमदार हेतू. मराठी कादंबरीची सुरुवातच त्यातून झाली. १८५७ साली बाबा पद्मनजींनी ‘यमुनापर्यटन’ लिहिलं ते विधवांची दुर्दशा मांडायला. पण रागाने कादंबरी सुरू होते आणि रागानेच बिघडते. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला. यावर लिहायला बसलेला माणूस स्वाभाविकपणे दाराबाहेर उभा राहतो, आणि ते योग्यच आहे. फक्त दाराच्या आतली माणसं कागदी राहिली की तिसऱ्या प्रकरणात भाषण सुरू होतं. उपाय सोपा नाही, पण ठरलेला आहे. दार आतून लावणाऱ्या माणसाचा एक प्रसंग लिहायचा, साधारण १,००० शब्दांचा आणि त्याच्याच डोक्यातून. घरात त्याला कुणाची भीती आहे? अडसर सरकवताना हात थरथरला का? तो निर्दोष ठरायला नको, तो कळायला हवा. तो कळला की वाचकाला अन्याय जास्त टोचतो, कारण त्याला राक्षसावर ढकलून मोकळं होता येत नाही. हा प्रसंग जमतच नसेल तर तुमच्याकडे लेख आहे. लेख लिहा, त्यात कमीपणा काही नाही.

दुसरा हेतू जपून ठेवण्याचा. वाडे पडतायत, तांबट आळीतली ठोक्यांची लय विरळ होतेय, आजीचे शब्द तिच्याबरोबर जातायत. भावना खरी असते, पण यातून बहुतेक वेळा वर्णनांचं कपाट तयार होतं. दिंडी, ओसरी, माजघर, परसदार, सगळं जागच्या जागी आणि माणूस एकही नाही. म्हणून वस्तू कुणाच्या तरी अडचणीत अडकवायची. माजघरात दिवसाही अंधार असतो हे सांगू नका. त्या अंधारात सून चिठ्ठी वाचायला जाते आणि दिवा लावला तर पकडली जाईल, एवढं लिहा. माजघर आपोआप जपलं जातं.

आणि सूड. काका, साहेब, पूर्वीचा मित्र यांना धडा शिकवायला लिहिलेली पानं वेगाने होतात, म्हणून फसवतात. ओळखायची खूण अशी, की त्या पात्राला संपूर्ण खर्ड्यात एकही चांगला विनोद सुचत नाही.

हेतू तपासायला २०० पानी वही पुरते. पहिल्या पानावर एक वाक्य लिहायचं, ‘मला हे कळत नाही की…’ असं सुरू होणारं. ‘मला सांगायचं आहे की…’ असं सुरू झालं तर खोडायचं. मग एकच प्रसंग तीन प्रकारे लिहायचा: ८०० शब्दांचा लेख, ८०० शब्दांची आठवण आणि ८०० शब्दांचं कल्पित. चार दिवस ठेवून वाचायचं. कल्पितात तुम्हाला आधी माहीत नसलेली एखादी गोष्ट आली असेल, तरच पुढे जायचं.

पुढे म्हणजे रोज ५०० शब्द. ६०,००० शब्दांना १२० दिवस, म्हणजे जवळपास द्राक्षबागेच्या गोडी छाटणीपासून, म्हणजे फळासाठीच्या छाटणीपासून, द्राक्षं काढणीला येईपर्यंतचा काळ. बागेसारखीच मधल्या टप्प्यावर कीड लागते. साधारण १५,००० ते २०,००० शब्दांच्या दरम्यान लिखाण अडतं. लोक याला आळस म्हणतात, पण कारण बहुधा वेगळं असतं: मूळ हेतूला सुचलेले सगळे प्रसंग तोवर लिहून झालेले असतात. इथे नवं पात्र आणू नका, खून तर नकोच. वहीचं पहिलं पान उघडा आणि त्या न कळलेल्या गोष्टीचं आजचं उत्तर खाली तारीख घालून लिहा. पुन्हा ४०,००० शब्दांवर लिहा. दोन्ही उत्तरं तंतोतंत सारखी निघाली, तर पात्रं तुमचं ऐकतायत आणि तुम्ही त्यांचं ऐकत नाही. मग ज्या प्रसंगात पात्राने अगदी शहाण्यासारखा निर्णय घेतला आहे तिथे परत जायचं आणि त्याला दुसरा घ्यायला लावायचा.

खर्डा झाला की सहा आठवडे कपाटात ठेवावा. नंतर मोठ्याने वाचताना पहिलं प्रकरण बहुतेक वेळा जातंच, कारण त्यात लेखक स्वतःलाच हेतू समजावत असतो. दुकानदाराची कादंबरी दुसऱ्या प्रकरणापासून सुरू होते: पाणी ओसरलंय, घरातलं सगळं उन्हात वाळत घातलं आहे, वही मात्र नाही, आणि आई विचारते, ही कोरडी कशी राहिली?