मधुमेहींच्या रक्तदाबाची गोळी ठरवण्यापूर्वी

मधुमेह असलेल्या व्यक्तीला उच्च रक्तदाबाचेही निदान झाले, की घरचे लोक सर्वांत चांगली गोळी कोणती, असे विचारतात. त्याआधी लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जाते आहे का, हे विचारावे, असे मी आग्रहाने सांगेन. ही साधी तपासणी अनेकदा राहून जाते, याचे मला फार वाईट वाटते. कारण औषधाची निवड बऱ्याच अंशी तिच्यावरच अवलंबून असते.

लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) यांचे गुणोत्तर ग्रॅममागे ३० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असल्याचे पुन्हा केलेल्या तपासणीतही दिसले, तर रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारखी एसीई इनहिबिटर औषधे किंवा लोसार्टन, टेल्मिसार्टन यांसारखी एआरबी औषधे प्रथम विचारात घेतली जातात. अँजिओटेन्सिन हे संप्रेरक मूत्रपिंडाच्या गाळणीतून रक्त बाहेर नेणारी सूक्ष्म वाहिनी आवळते, त्यामुळे गाळणीच्या आतला दाब वाढतो. ही औषधे तो दाब उतरवतात आणि अल्ब्युमिनची गळती कमी करतात. टाइप २ मधुमेहात मूत्रपिंडाचा आजार जडलेल्या रुग्णांमध्ये लोसार्टन आणि इर्बेसार्टन यांमुळे तो आजार बळावण्याचा वेग मंदावतो, हे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांत दिसले.

अल्ब्युमिन जात नसेल आणि हृदयविकारही नसेल, तर मात्र निवड बरीच मोकळी असते. अम्लोडिपिन किंवा क्लोरथॅलिडोन यांसारखे दुसऱ्या गटातले रक्तदाबाचे औषधही तितकेच योग्य ठरू शकते. अशा वेळी नावापेक्षा रक्तदाब खरोखर उतरला की नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. सर्वसाधारण उद्दिष्ट १३०/८० च्या खाली आणण्याचे असते आणि त्यासाठी अनेकांना दोन औषधे लागतात. दुसरी गोळी लिहून दिली म्हणजे आजार हाताबाहेर गेला, असे मुळीच नाही. एसीई इनहिबिटर आणि एआरबी मात्र एकत्र देत नाहीत, कारण त्यामुळे पोटॅशियम वाढण्याचा आणि मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका वाढतो.

या दोहोंपैकी कोणतेही औषध सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावे लागते. क्रिएटिनिन थोडे वाढणे अपेक्षित असते. ही वाढ ३० टक्क्यांच्या आत असेल, तर केवळ तेवढ्यावरून औषध सहसा बंद करत नाहीत. एसीई इनहिबिटरने कोरडा खोकला सुरू झाला, तर डॉक्टर एआरबी देऊ शकतात. गरोदरपणात दोन्ही वर्ज्य आहेत, म्हणून मूल हवे असलेल्या स्त्रीने ते आधीच सांगावे. इन्सुलिन घेणाऱ्यांना बीटा ब्लॉकर (हृदयाची गती कमी करणारे रक्तदाबाचे औषध) दिल्यास साखर उतरल्याची सूचना देणारी धडधड आणि थरथर जाणवेनाशी होऊ शकते. घाम मात्र बहुधा येतो, म्हणून त्याकडे लक्ष ठेवावे.

बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात स्वायत्त मज्जातंतूंना, म्हणजे हृदयाची गती आणि रक्तदाब आपोआप सांभाळणाऱ्या नसांना, इजा झालेली असेल, तर बसून मोजलेला रक्तदाब जास्त आणि उभे राहिल्यावरचा एकदम कमी, असेही घडते. त्यामुळे मात्रा वाढवण्यापूर्वी रक्तदाब उभे करूनही मोजण्याची विनंती डॉक्टरांना जरूर करावी.