तुम्ही विचारलंत म्हणून: हा काथ्याकूट कशासाठी?

जवसाच्या धाग्याभोवतीचे जुने इंग्रजी शब्द मी वहीत का उतरवून घेते, हे आता लग्नाच्या पंगतीतही विचारलं जातं. 'मराठीचे हाल बघा आणि तुम्ही परक्या काड्या वेचताय!' परवा एकाने सरळ 'काथ्याकूट' म्हटलं. म्हणून एकदाच सांगून टाकते.

आपल्याकडे जवस म्हणजे चटणी आणि तेल. आयर्लंडात, बेल्जियममध्ये जवस म्हणजे लिनन. तो धागा असतो काडीच्या सालीत, आणि सहजासहजी सुटत नाही. पीक कापलं तर धाग्याची लांबी जाते, म्हणून मुळासकट उपटायचं. मग दातेरी फणीतून ओढून बोंडं काढायची, ते रिपल. पाण्यात कुजत घालायचं, ते रेट. वाळवून काड्या मोडायच्या, ते ब्रेक. लाकडी पात्याने झोडपून काडीचा चुरा उडवायचा, ते स्कच. काही ठिकाणी स्विंगल. शेवटी खिळ्यांच्या फणीवर विंचरायचं, ते हॅकल. हातात राहतो तो लांब धागा लाइन, फणीत अडकतो तो आखूड गुंता टो. सभेत वक्त्याला आडवे प्रश्न विचारून जेरीस आणणारा 'हेकलर' याच फणीवरून स्कॉटलंडमार्गे इंग्रजीत आला. तुम्ही माझं जे करता ते.

हे सगळं 'साफ करणे' म्हणून भागेल, असं मला सुचवलं गेलंय. मग उफणणं, पाखडणं, घोळणं, चाळणं यांनाही साफ करणंच म्हणा की. सुपात घोळायच्या तांदळाला चाळणी लावून बघा, खडे हातात येतात का.

आता ओकम. जुन्या इंग्रजीत याचा अर्थ विंचरताना बाजूला पडलेलं. पुढे जुने दोर उकलून काढलेल्या तंतूंना तोच शब्द लागला. डांबर लावून ते लाकडी जहाजांच्या फटींत ठासत. दोर उकलायला इंग्लंडच्या तुरुंगांत कैदी बसवायचे. १८९५ साली शिक्षा झाल्यावर नाटककार ऑस्कर वाइल्डनेही ते केलं. आणि अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये सावरकरांसारखे कैदी नारळाची सोडणं कुटत होते. हे वाचलं आणि मला वाटलं, ओकमच्या शेजारी आपल्या काथ्याचे शब्द हवेत. मी आत्याकडे गेले.

आत्या लग्नाआधी वेंगुर्ल्याच्या बाजूला काथ्याच्या कामावर जायची. खाडीच्या चिखलात सोडणं महिनोन्‌महिने कुजत पडायची, मग बाहेर काढून बायका ती मोगरीने ठेचायच्या. एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. मी वही उघडली आणि विचारायला लागले: कुजवण्याला काय म्हणायचात? ठेचल्यावर जो भुसा पडतो त्याला? पहिल्या धुण्यानंतरच्या धाग्याला?

ती चपात्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"तुका शब्द ग्वाड लागतत," ती म्हणाली. "माका वास येता."

मग पोळपाटाकडे बघतच तिने सांगितलं. तिला बघायला एक घर आलं होतं. मुलगी पसंत होती, बोलणी पुढे गेली होती. नंतर मध्यस्थाकडून निरोप आला, मुलीच्या हाताला वास मारतो. तिने हात राखेने घासले, चिंचेने घासले, लिंबाच्या साली चोळून झोपली. दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर, कारण त्या आठवड्याची मजुरी बाकी होती. माझ्या वडिलांना, तिच्या सख्ख्या भावाला, यातलं काही माहीत नव्हतं.

"आणि नाव कसला तेका? काम!" असं म्हणून तिने पुढची चपाती तव्यावर टाकली आणि मला ताट घ्यायला सांगितलं.

मागे एका दिवाळी अंकात मी लिहिलं होतं की शब्द टिकले तर राबणाऱ्यांचं ज्ञान टिकतं. छापून आलं तेव्हा वाक्य मलाच फार आवडलं होतं. आता ते वाक्य आत्यासमोर वाचायची माझी हिंमत नाही. आयर्लंडातल्या अल्स्टरच्या स्कच गिरण्यांत फिरत्या पात्यांखाली लोकांची बोटं गेली, हात गेले. धुळीने छात्या भरल्या. 'स्कच' या शब्दात यातलं काय आहे? किती नेटका शब्द आहे तो.

पण मी वही घेऊन गेले नसते तर त्या निरोपाबद्दल कुणाला कळलं असतं का? हा बचाव आहे, मला दिसतंय. तरीही तो खोटा वाटत नाही. ते कुणाला कळावं असं आत्याला वाटत होतं का, हे मात्र मी विचारलेलं नाही.

तेव्हा वही चालू राहील. आणि मराठीचं काय म्हणाल, तर मराठीसाठीच गेले होते मी.

हे सगळं लिहू का, असं फोनवर आत्याला विचारलं. म्हणाली, "लिव. वाचतलो कोण?"