आजोबांचा रेडिओ आणि मेण ओघळलेला कंडेन्सर

आमच्या नौपाड्यातल्या घरी माळ्यावर आजोबांचा वाल्व रेडिओ होता, ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर (वाल्व) चालणारा. पावसाळा सरल्यावर आई म्हणाली, "दिवाळीच्या पहाटे हा लागला पाहिजे." मी लगेच प्लग लावला नाही. इतकी वर्षं बंद पडलेल्या सेटचे कंडेन्सर (चार्ज साठवणारे भाग) बघितल्याशिवाय त्याला २३० व्होल्ट द्यायचे नाहीत, हा माझा नियम.

डीसी सपाट करणारा ३२+३२ मायक्रोफॅरडचा फिल्टर कंडेन्सर वाळून गेला होता. दादरला गाडी बदलून लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार गाठला. दुकानदार म्हणाला, "१०० चा घ्या, हम (स्पीकरमधली घुंई) राहणारच नाही." पण रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारा वाल्व, ईझेड८०; त्याच्यापुढे पहिला कंडेन्सर ५० च्या वर चालत नाही. चार्जिंगचा झटका वाल्वला झेपत नाही. ३३ चे दोन घेतले, ४५० व्होल्टचे. ट्रान्सफॉर्मर २५०-०-२५० चा, म्हणजे लोड नसताना साडेतीनशेच्या पुढे जाणार.

ते बसवून ६० वॅटच्या बल्बच्या सिरीजमध्ये सेट चालू केला, म्हणजे कुठे शॉर्ट असला तरी बल्ब करंट अडवतो. मन मात्र दुसऱ्याच कंडेन्सरवर होतं. ईएल८४ या स्पीकर चालवणाऱ्या वाल्वच्या ग्रिडला (सिग्नल घेणाऱ्या जाळीला) जाणारा, बोटाच्या पेराएवढा, कागदी. मेण ओघळून त्यावर धूळ चिकटलेली. ईएल८४ उपसून सॉकेटच्या २ नंबरच्या पिनवर मीटर लावला. शून्य हवं होतं, १४ व्होल्ट आले! आधीच्या वाल्वच्या प्लेटचं डीसी त्या कागदी कंडेन्सरमधून गळत होतं. ग्रिड अशी पॉझिटिव्ह झाली की ईएल८४ भरमसाट करंट ओढते, आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. तो आता कुठून आणायचा?

सेट बंद केला, प्लग काढला. १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरला मगरक्लिपा लावून फिल्टर रिकामा केला, मीटरवर शून्य बघितलं. चहा घेऊन आलो तर तिथेच पुन्हा १८ व्होल्ट! कंडेन्सरच्या पोटात थोडा चार्ज मुरलेला राहतो आणि हळूहळू वर येतो. तेव्हापासून काम संपेपर्यंत क्लिप काढत नाही. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडणं मला अजिबात पसंत नाही.

जुन्या कागदी कंडेन्सरच्या जागी पॉलिप्रॉपिलीनचा ६३० व्होल्टचा बसवला, मेन्सपासून चॅसिसला (धातूच्या सांगाड्याला) जाणारा वाय२ या सुरक्षा वर्गाचा घातला.

मग ईएल८४ परत लावून, बल्ब काढून मोजलं. ग्रिडवर शून्य, १३५ ओहमच्या कॅथोड रेझिस्टरवर ७.१ व्होल्ट, म्हणजे करंट बरोबर. मी आईला हाक मारली. काटा तिनेच फिरवला.