सहाशे सोळा फुटांचं भांडण

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ईरी सरोवराकाठी वसलेल्या क्लीव्हलंडच्या विमानतळावरून गावात यायला रेड लाइन नावाची लोकल आहे. १९६८ साली ती विमानतळापर्यंत पोचली. उत्तर अमेरिकेत विमानतळ थेट डाउनटाउनला जोडणारी ही पहिली लोकल, हे भाच्याने मला गाडीत बसायच्या आधी एकदा आणि बसल्यावर एकदा सांगितलं. त्याच्या सोलन या उपनगरातल्या घरी कारने लवकर पोचलो असतो, पण त्याला मला आधी गाव दाखवायचं होतं. "पहिलं", "न्यूयॉर्क सोडून सगळ्यात उंच", "एकेकाळी देशात पाचवं" हे शब्द पुढच्या आठ दिवसांत मी इतक्या वेळा ऐकले की शेवटी मोजणं सोडलं.

मी नागपूरची आहे, त्यामुळे ही भाषा मला ओळखीची. आमच्या गावाची राजधानी १९५६ साली गेली आणि पुढे 'उपराजधानी' हा मान मिळाला, म्हणजे थंडीत दोन-चार आठवडे विधिमंडळ येतं आणि संत्री घेऊन परत जातं. आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांनी हा विषय कधी संपू दिला नाही. क्लीव्हलंडला मला घरच्यासारखं वाटलं त्यात ईरी सरोवराचा वाटा थोडाच होता.

लोकल टर्मिनल टॉवरच्या पोटात थांबते. जिने चढून, जुन्या कमानींच्या दालनातून आपण पब्लिक स्क्वेअरवर बाहेर येतो. मोझेस क्लीव्हलँड या सर्व्हेयरच्या माणसांनी १७९६ साली आखलेला हा चौक. त्या माणसाच्या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त होता. गावाच्या नावातून तो कधीतरी गळला. वर्तमानपत्राच्या मथळ्यात अक्षर मावेना म्हणून गाळला, अशी गोष्ट सांगतात.

"मावशी, मागे वळून वर बघ," भाचा म्हणाला.

टर्मिनल टॉवर बावन्न मजली, ७०८ फूट, १९३० साली थाटात उघडलेला. बोस्टनमधली एक इमारत १९६४ साली त्याच्या वर गेली, तोपर्यंत न्यूयॉर्कबाहेर अमेरिकेत याच्याहून उंच काही नव्हतं. १९३८ साली याच्या माथ्यावरून बेसबॉलचे चेंडू खाली टाकले होते आणि इथल्या संघाच्या दोन कॅचरनी ते झेललेसुद्धा. झेलणाऱ्यांच्या हातांचं पुढे काय झालं असेल, याचा विचार मी चौकात उभी राहून बराच वेळ करत होते. दगडाची, खांदे पाडत वर निमुळती होत गेलेली ही इमारत एखाद्या घरंदाज आजीसारखी दिसते. तिच्याबद्दल कोणी वाईट बोललेलं मी ऐकलं नाही.

समोर की टॉवर. सीझर पेली यांनी डिझाइन केलेला, १९९१चा, टोकाच्या सुईसकट ९४७ फूट. फिलाडेल्फियाचा त्या वेळचा सर्वांत उंच टॉवर ९४५ फुटांचा. दोन फुटांनी हे गाव जिंकलं होतं, आणि हे दोन फूट अगदी कोपऱ्यावर कॉफी विकणाऱ्या मुलालाही पाठ होते. न्यूयॉर्क आणि शिकागो यांच्यामध्ये सर्वांत उंच, हा किताब २००७ पर्यंत टिकला. मग फिलाडेल्फियाने आणखी उंच काहीतरी बांधलं. उजव्या हाताला तेलकंपनीने १९८५ साली बांधलेली ६५८ फुटांची इमारत. ती टर्मिनल टॉवरपेक्षा मुद्दाम बुटकी ठेवली, असं इथले लोक कौतुकाने सांगतात.

आणि डाव्या हाताला भांडणाचं मूळ.

शेरविन-विल्यम्स ही रंगाची कंपनी १८६६ साली याच गावात सुरू झाली. पृथ्वीच्या गोलावर रंगाचा डबा ओतलेला, 'पृथ्वी झाका' म्हणणारा तिचा तो प्रसिद्ध शिक्का. काही वर्षांपूर्वी कंपनी गाव सोडणार अशी हवा होती. शहराने आणि राज्याने सवलती पुढे केल्या, आणि २०२० च्या फेब्रुवारीत कंपनीने 'राहतो' असं जाहीर केलं. तीन हजारांवर नोकऱ्या राहिल्या. गावाने सुटकेचा श्वास सोडला. पुढच्या वर्षी नव्या मुख्यालयाची चित्रं बाहेर आली, तेव्हा तोच श्वास घशात अडकला. छत्तीस मजले, ६१६ फूट. काचेचे उभे तुकडे एकमेकांपासून किंचित सरकवून ठेवल्यासारखी इमारत, चौकापासून एक गल्ली मागे. ऐन चौकावर मात्र दोन मजल्यांचा एक काचेचा मंडप, पलीकडे गाड्यांसाठी बहुमजली पार्किंग, आणि रस्त्याच्या वरून या इमारतीतून त्या इमारतीत जायला बंद पूल.

मी गेल्या ऑगस्टमध्ये पाहिली तेव्हा इमारत बाहेरून पूर्ण झाली होती. खरं सांगायचं तर वाईट नाही. दुपारी सरोवराकडून ढग आले की काच त्यांचा रंग घेते आणि इमारत अर्धीअधिक नाहीशी होते. पण चौकातून पाहिलं की आधी तो बुटका मंडप दिसतो, आणि लग्नाच्या फोटोत नवरदेव मागच्या रांगेत उभा केल्यासारखं वाटतं. भाच्याला मी तसं म्हटलं, तर तो चिडला.

"मावशी, इथे आधी काय होतं माहीत आहे का? पार्किंग! डांबराचं मैदान! तीस वर्षं! गावाच्या छातीवर!"

ते तीस वर्षांचं प्रकरण मला संध्याकाळी कळलं. भाच्याच्या गल्लीत एक काका राहतात. मूळचे अमरावतीचे, १९७६ पासून इथे, पोलाद कारखान्यातून निवृत्त. मी त्यांच्यासाठी अंबाडीच्या भाजीच्या चार जुड्या वाळवून आणल्या होत्या. त्या हुंगून त्यांनी बाजूला ठेवल्या आणि टॉवरवर आले.

"ताई, ती जागा काहून मोकळी होती ते या पोराला विचारू नका, हा परवा आला. मला विचारा."

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी चौकाभोवती दोन बँकांनी दोन टॉवर बांधायचं ठरवलं होतं. दोन्हींचे बिल्डर तेच जेकब्ज बंधू. एक टॉवर म्हणजे आजचा की टॉवर. दुसरा अमेरिट्रस्ट बँकेचा, साठेक मजली, जवळजवळ १२०० फूट, चौकाच्या पश्चिमेला. त्यासाठी तिथल्या जुन्या इमारती पाडल्यासुद्धा. आणि १९९१ साली पहिल्या बँकेने दुसरी बँकच विकत घेतली. एका बँकेला दोन मुख्यालयं कशाला? जागा भुईसपाट झालेली, टॉवर रद्द. मग तिथे गाड्या उभ्या राहू लागल्या त्या २०२१ पर्यंत.

काकांनी हातानेच हवेत उंची दाखवली. "बाराशे! आणि आता काय दिलं? सहाशे सोळा. राजधानी कोलंबसमधली सरकारी कचेरी १९७३ सालची, ती ६२९ फूट आहे. सिनसिनाटीचा २०११ चा टॉवर ६६५. म्हणजे ओहायोतल्या ओहायोतही आपण मागे! पृथ्वी झाकतो म्हणतात, अन् चौकाचा कोपरा झाकवला नाही त्यांच्यानं."

"काका, तुमचा बाराशेचा टॉवर कागदावर होता," भाचा म्हणाला. "बँक बुडाली असती तर रिकामा टॉवर घेऊन बसला असता. आता ऑफिसं कोणाला हवीत? डाउनटाउनमधल्या जुन्या कचेऱ्यांची घरं करून राहिले सगळे. कंपनीने गरजेपुरतं बांधलं, ते बरंच केलं."

"गरजेपुरतं माणूस संडास बांधतो."

यावर भाचसून उठून आत गेली. मला वाटलं हसू लपवायला गेली, पण ती भाकरी घेऊन आली आणि उंचीच्या वादात दोघांनाही गप्प करून म्हणाली, की तिला फुटांचं काही देणंघेणं नाही. ती डाउनटाउनमध्ये काम करते. जानेवारीत सरोवराकडून वारा सुटला की रस्त्यावर आधीच माणूस दिसत नाही. आता हजारो लोक गाडी पार्किंगमध्ये लावणार, पुलावरून ऑफिसात जाणार, संध्याकाळी पुलावरूनच परत. फुटपाथवर पाय ठेवायचं कारणच नाही. मग कोपऱ्यावरचा सँडविचवाला कोणाच्या जिवावर जगणार? शहराच्या नियोजन समितीपुढे हे पूल आणि पार्किंग यांच्यावर बरीच चर्चा झाली होती. उंचीवर जितका राग लोकांनी काढला तितका यावर काढला असता तर काही हाती लागलं असतं, असं तिचं म्हणणं. मला ते पटलं. पण उंचीचा राग माझ्या जास्त ओळखीचा होता, हेही कबूल करते.

काका ज्या साली इथे आले त्यानंतर दोनच वर्षांनी, १५ डिसेंबर १९७८ला, हे शहर बँकांचं देणं फेडू शकलं नाही. महामंदीच्या काळानंतर अशी पाळी आलेलं ते अमेरिकेतलं पहिलं मोठं शहर. त्याच्या आधी १९६९ साली कायहोगा नदीवरच्या तेलकट कचऱ्याने पेट घेतला. आग अर्ध्या तासात विझली, फोटो काढायलाही कोणी पोचलं नाही. पण एका बड्या साप्ताहिकाने बातमीसोबत १९५२ च्या जुन्या, मोठ्या आगीचा फोटो छापला, आणि 'नदी जळणारं गाव' ही ओळख कायमची चिकटली. 'देशातली सर्वोत्तम जागा' अशी जाहिरात करणाऱ्या गावाला लोक 'सरोवराकाठची चूक' म्हणू लागले. काका सांगत होते, त्या काळात न्यूजर्सीतले मराठी लोक फोनवर पहिला प्रश्न विचारायचे, नदी विझली का? पन्नास वर्षं हसं झालेल्या माणसाला नवीन टॉवर नुसता 'बरा' असून कसा चालेल?

आकड्यांचंही असंच. १९५० साली इथे नऊ लाख चौदा हजार लोक होते. २०२० च्या जनगणनेत पावणेचार लाखांनाही थोडे कमी पडले. कोलंबस नऊ लाखांच्या वर. पण कोलंबसने आजूबाजूची गावं हद्दीत ओढून घेतली, तिचं क्षेत्रफळ क्लीव्हलंडच्या पावणेतीन पट आहे. क्लीव्हलंडची उपनगरं मात्र आपापल्या नगराध्यक्षासकट वेगळीच राहिली. भाचा सोलनमध्ये राहतो, कर सोलनला भरतो, आणि विचारलं की गाव 'क्लीव्हलंड' सांगतो. हे मी दाखवून दिलं तेव्हा काका खूश झाले, भाचा नाही.

दुसऱ्या दिवशी काका मला विलार्ड पार्कात घेऊन गेले. तिथे घराएवढा लाल रबरी शिक्का आडवा पडला आहे. रबरी म्हणजे दिसायला, आहे धातूचा. त्यावर इंग्रजीत 'फ्री' असं उलटं लिहिलंय. क्लेस ओल्डनबर्ग आणि कूझ्या व्हान ब्रुखन या शिल्पकारांनी तो त्या ६५८ फुटी तेलकंपनीच्या दारासाठी बनवला होता, तिथे तो उभा राहणार होता. मधल्या काळात ब्रिटिश कंपनीने ती तेलकंपनी ताब्यात घेतली आणि नव्या साहेबांनी शिक्का नाकारला. काही वर्षं तो पडून होता, १९९१ साली इथे आला. लोक सांगतात, तो असा आडवा ठेवलाय की फेकल्यासारखा वाटावा, त्या इमारतीच्या दिशेने.

"यालाही लोक हसले होते," काका म्हणाले. "आता पाहुणा आला की पहिलं इथे आणतो."

मी विचारलं, मग नव्या टॉवरचंही तसंच होईल का? ते म्हणाले, "नाही. शिक्का लाल आहे."

शेवटच्या संध्याकाळी आम्ही एजवॉटरच्या किनाऱ्यावर गेलो. सरोवर इतकं मोठं की पलीकडचं कॅनडा दिसत नाही, वाळूवर मुलं, कुठेतरी मक्याची कणसं भाजल्याचा वास. पूर्वेला गावाचे टॉवर एका रांगेत. चौकात नवरदेव मागच्या रांगेत वाटला होता, पण इथून पश्चिमेच्या बाजूने नवा टॉवर सगळ्यांच्या पुढे येतो आणि टर्मिनल टॉवर आणि की टॉवर त्याच्या मागे वडीलधाऱ्यांसारखे उभे राहतात. अंधार पडू लागला तशी त्याच्या माथ्यावर उजेडाची पट्टी लागली. काका काही बोलले नाहीत. त्यांनी फोन काढला, फोटो घेतला, मग मान तिरकी करून आणखी एक घेतला.

"कोणाला पाठवता?" भाच्याने विचारलं.

"कोलंबसच्या मेव्हण्याला."

भाच्याची सात वर्षांची मुलगी वाळूत टॉवर बांधत बसली होती. तिने मला विचारलं, "आजी, नागपूरमधलं सगळ्यात उंच काय आहे?"

मी बराच विचार केला. मग म्हणाले, "सेमिनरी हिल्सवर टीव्ही टॉवर आहे."

"किती फूट?"

काका आणि भाचा दोघंही माझ्याकडे बघत होते. मी वाळूतल्या टॉवरवर आणखी एक मूठ घातली.