समासातले नातेवाईक

वैशाखातल्या भर दुपारी आमच्या अमळनेरात पुस्तक उघडणे याचा वाचनाशी संबंध कमी आणि घराबाहेर न पडण्याशी जास्त असतो. अशाच एका दुपारी, कूलरमध्ये दुसऱ्यांदा पाणी ओतून झाल्यावर, वाचनालयातून आणलेली झुंपा लाहिरी यांची ‘द नेमसेक’ मी उघडली आणि कादंबरीत शिरण्याआधीच तिच्या समासात अडकलो. आधीच्या वाचकांनी कडेच्या कोऱ्या जागेत आपापली मते मराठीत लिहून ठेवली होती. एक शिसपेन्सिल होती, एक निळे बॉलपेन होते आणि एक लाल होते, जे वह्या तपासण्याची सवय असलेल्या हाताचे असावे. वाचनालयाच्या पुस्तकावर काही लिहू नये, हे मला लहानपणी शिकवले गेले आणि ते मला आजही मान्य आहे. तरीसुद्धा दुसऱ्या कोणी लिहिलेले असले, की मी मूळ मजकुराच्या आधी तेच वाचतो.

कादंबरी १९६८ सालच्या ऑगस्ट महिन्यात, बॉस्टनजवळच्या केंब्रिजमधल्या एका स्वयंपाकघरात सुरू होते. दिवस भरत आलेली आशिमा न्याहारीसाठी मिळणाऱ्या तिकडच्या कुरमुऱ्यांत शेंगदाणे आणि चिरलेला कांदा घालते, वरून मीठ, लिंबू आणि हिरवी मिरची टाकते आणि कलकत्त्याच्या रस्त्यावर कागदाच्या पुडीत मिळणारी चव जमवू पाहते. पण मोहरीचे तेल नसते आणि काहीतरी कमीच पडते. इथे पेन्सिलीने लिहिले होते, ‘म्हणजे आपला भत्ताच.’ त्याखाली निळ्या पेनाने लिहिले होते, ‘आणि जवळ माहेरचे एकही माणूस नाही!’ अशा कादंबऱ्यांवर लिहिणारे अभ्यासक या जागी विस्थापन आणि अस्मिता यांकडे वळतात. आमच्या वाचकांना मात्र पहिल्याच पानावर बाळंतपणाची काळजी लागलेली होती. मला हे वाचन अधिक भरवशाचे वाटते.

पुढे आशिमाचा मुलगा गोगोल मोठा होतो, न्यूयॉर्कला जातो आणि मॅक्सीन नावाच्या मुलीच्या आईवडिलांच्या घरी तिच्याबरोबर राहू लागतो. निळे पेन संतापले होते: ‘आईला एक फोन करायला काय होते?’ पेन्सिलीने उत्तर दिले होते, ‘वय झाले त्याचे. जगू द्या.’ त्यावर पुन्हा निळे: ‘तुम्हाला मुलगा नाही वाटते.’ म्हणजे हे भांडण तडीस नेण्यासाठी निळ्या पेनाने ते पुस्तक दुसऱ्यांदा घरी नेले असले पाहिजे.

आमच्या घराचे परदेश म्हणजे सुरत. काका उधन्याला कापडाच्या कारखान्यात होते आणि श्रावणात कानबाईच्या सणासाठी ताप्ती लाइनच्या पॅसेंजरने, नंदुरबार-दोंडाईचा करत, काकू आणि मुलांसह यायचे. दर वर्षी त्यांचे वजन वाढलेले असे आणि दर वर्षी आजी त्यांच्या गालावरून हात फिरवून म्हणे, “कितला बारीक व्हई गया रे भाऊ!” त्यांची मुले आपसात भांडायची ती गुजरातीत, आणि तेवढ्या वेळात आजी काहीच ऐकू येत नसल्यासारखी तांदूळ निवडत बसायची. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने गहू घेतले जात. रजा न मिळाल्यामुळे काका येऊ शकले नाहीत, त्या वर्षीही त्यांच्या नावाचे गहू आजीने घेतले, आणि मग महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्यापाशी एकच तक्रार केली, की त्याने साधे पत्रसुद्धा टाकले नाही. निळ्या पेनाचे अक्षर पाहताना मला तिचीच आठवण आली. आजी कधी शाळेत गेली नव्हती, एवढाच काय तो फरक.

गेलेल्यांची गोष्ट आमच्याकडे राहिलेले लोक वाचतात, आणि न्यायनिवाडाही तेच करतात. नेमाड्यांच्या १९६३ सालच्या ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीहून पुण्याला जाऊनच परका होऊन बसला, ती कादंबरीही इथल्या कित्येक वडीलधाऱ्यांनी, पोरगा बापाचे किती पैसे उडवतो याचा हिशेब मांडतच वाचली असावी. मोनिका अली यांच्या ‘ब्रिक लेन’ या कादंबरीचे तर त्याहून पुढे गेले. लंडनच्या ब्रिक लेन भागातल्या सिल्हेटी बांगलादेशी लोकांना आपली बदनामी झाली असे वाटले, आणि २००६ साली चित्रपटाच्या वेळी त्यांनी इतका विरोध केला, की चित्रीकरण दुसरीकडे न्यावे लागले. चित्रीकरण बंद पाडणे मला पटत नाही. पण घरातले चारचौघांत सांगितले म्हणून धरलेला रुसवा मी पुरता ओळखतो. आमच्या भाऊबंदकीत तो दोन पिढ्या टिकतो.

आमच्या समासात एकमत झाले ते फक्त मौसमीच्या बाबतीत. आयांनी गाठ घालून दिलेली ही गोगोलची बायको दिमित्रीच्या नादी लागते आणि लग्न मोडते. तिथे लाल पेनाने तिचे नाव प्रत्येक ओळीत अधोरेखित केले आहे, निळ्याने ‘हे होणारच होते’ असा शेरा मारला आहे आणि मुलाला जगू द्या म्हणणारी पेन्सिलही ‘चूक’ एवढे लिहून मोकळी झाली आहे. आधीचा वाग्दत्त वर लग्न तोंडावर आलेले असताना तिला सोडून गेला होता, हे तिघांपैकी एकाच्याही लक्षात राहिले नाही. मला मौसमी आवडत नाही, पण तिच्या बाजूने त्या पानावर एक अक्षर नसावे, हे काही बरे नव्हे.

लाल पेनाविषयी माझे मत वाईट झाले असते. पण सुरुवातीचे एक प्रकरण पुन्हा चाळताना, पहिल्या वेळी नजरेतून सुटलेला एक शेरा सापडला. आशिमाला पाहायला पाहुणे आलेले असतात. ते बसलेल्या खोलीत जाण्यापूर्वी, दाराबाहेर काढून ठेवलेल्या नवऱ्यामुलाच्या बुटांच्या आत तिला ‘यू. एस. ए.’ ही अक्षरे दिसतात आणि कोणाचे लक्ष नाही असे पाहून ती त्या बुटांत हळूच पाय घालून बघते. त्या ओळीशेजारी त्याच लाल शाईत, पण पुष्कळ बारीक अक्षरात लिहिले आहे: ‘मी चपलेत घातला होता. ह्यांना अजून माहीत नाही.’

ही बाई कोण, हे ग्रंथपालांच्या नोंदवहीतून सहज काढता आले असते. पण तिथे सभासद म्हणून बहुधा यजमानांचेच नाव असेल.