अथेन्सच्या मटण बाजारात खरेदी करताना

ओमोनिया आणि मोनास्तिराकी या दोन मेट्रो स्थानकांच्या मधोमध, अथिनास रस्त्यावर वार्वाकिओस आगोरा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला हा बाजार आजही रोजच्या खरेदीचा आहे. मधल्या भागात मासळी, भोवतीने मटणाच्या गल्ल्या. रविवारी बंद. सकाळी दहाच्या आत पोहोचलात तर निवडायला माल भरपूर असतो. फरशी कायम ओली असते, म्हणून चप्पल नको, मागून बंद असलेले आणि न घसरणारे बूट हवेत.

आपल्याकडे मटण म्हणजे बहुधा बोकडाचं. इथे मेंढीवर्गाचा माल जास्त, आणि वयाप्रमाणे नाव बदलतं. हे नाव कळलं नाही तर सगळा स्वयंपाक बिघडतो. ‘आर्नाकी गालाक्तोस’ म्हणजे दूधपितं कोकरू, अगदी कोवळं. ‘आर्नी’ म्हणजे साधारण वर्षाच्या आतलं. ‘झिगूरी’ वर्ष उलटलेलं, आणि ‘प्रोवातीना’ म्हणजे जून मेंढी. बकरीवर्गात ‘कात्सीकी’ म्हणजे करडू, तर ‘यीदा’ म्हणजे मोठी शेळी. आपल्या रश्श्याला कात्सीकीच सगळ्यात जवळचं. प्रोवातीनाला चव जबरदस्त, पण वास उग्र आणि मंद आचेवर किमान दोन तास हवेत. भाड्याच्या घरात कुकर बहुधा नसतो. त्यामुळे स्वस्त म्हणून प्रोवातीना घेतली की रस्सा तयार होतो आणि मटण चिवट राहतं.

रानाला ‘बूती’ म्हणतात, खांद्याला ‘स्पाला’, मानेला ‘लेमोस’, चापांना ‘पाइदाकिया’, कलेजीला ‘सिकोती’. रश्श्यासाठी रानापेक्षा खांदा आणि मान घ्या. हाड आणि चरबी दोन्ही असल्याने रस्सा दाट होतो. चार माणसांना हाडासकट एक किलो पुरतं. अर्धा किलो म्हणजे ‘मिसो किलो’. पाटीवरचा भाव किलोचा असतो. नुसतं ‘कापून द्या’ म्हटलं तर मुठीएवढे तुकडे मिळतात, म्हणून ‘मिक्रा कोमात्या’, म्हणजे लहान तुकडे, असं आधीच सांगा. सत्तूरने हाड फोडताना बारीक किरच्या उडतात. घरी दोन पाण्यांनी धुऊन, बोटांनी चाचपून घ्या. खिमा, ‘किमास’, तुमच्यासमोर दळून द्यायची पद्धत आहे, तेव्हा तुकडा स्वतः निवडा.

एकाच दुकानात गाय-वासराचं ‘मोस्खारी’ आणि डुकराचं ‘हिरिनो’ही असतं, बहुतेकदा लाकडी ठोकळाही तोच. हे वर्ज्य असेल तर फक्त कोकरं-करडं टांगलेलं दुकान शोधा.

उन्हाळ्यात मटण सगळ्यात शेवटी घ्या. आधी जवळच्या एव्रिपीदू रस्त्यावर मसाले घ्यावेत, मग बाजारात यावं आणि थेट मुक्कामी जावं. बर्फाची पिशवी सोबत असेल तर उत्तम.

ऑर्थोडॉक्स ईस्टरच्या आदल्या दोन-तीन दिवसांत अख्खी कोकरं घरोघरी जातात, गर्दी विलक्षण असते. आतड्या-काळजाचं मायिरित्सा सूप ईस्टरच्या मध्यरात्री खातात, त्याचं सामानही तेव्हा इथूनच जातं. एरवी बाजारातल्या खाणावळींत ‘पात्सास’ मिळतं, वजडी आणि पायांचं सूप. त्यात लसणाचं व्हिनेगर आणि सुक्या मिरचीचा भरडा, ‘बूकोवो’, वरून आपल्या हाताने घालायचा. वजडी आवडणाऱ्याने ते चुकवू नये.